जिवंत माणसाचा पिंड

दुर्गाघाटाच्या गल्लीतून दोन माणसं शेजारी-शेजारी जाऊ शकतात, पण त्यांतला एक ढुंढिराज टोकेकर नसला तर. ते समोरून येताना दिसले की बायका कळश्या सावरून उंबऱ्यावर चढायच्या. बनारसचा सांड, जो कलेक्टरलाही वाट देत नाही, तोसुद्धा भिंतीला अंग घासत मागं सरायचा. फेकतोय असं वाटतं? वाटू द्या. सव्वातीन मण, म्हणजे एकशेतीस किलो वजन होतं त्या माणसाचं, आणि ते काही मी मापलेलं नाही, मणिकर्णिकेच्या लाकडाच्या वखारीत मापलेलं आहे. घरातला कुठला काटा त्यांना पेलणार? चितेची लाकडं जोखतात त्या मोठ्या तराजूत एका पारड्यात वजनं आणि दुसऱ्यात ढुंढिराजगुरुजी, असा तो सोहळा व्हायचा. वखारवाला हसून म्हणायचा, "गुरू, आपके लिए तो बारा मन लकड़ी अलग रख दी है." गुरुजीही पोट हलवून हसायचे आणि मग गंगेत बुडी मारून घरी यायचे.

आता एवढं शरीर त्यांनी कमावलं कशावर? तर दुसऱ्यांच्या पितरांवर. आपल्याकडे श्राद्धाला एक ब्राह्मण देवांच्या जागी बसवतात आणि एक पितरांच्या. पितरांच्या जागचा जेवला की मेलेल्याला पोचतं, अशी श्रद्धा. ढुंढिराज पितरांच्या जागी बसले की यजमान कृतार्थ व्हायचा. वडे किती, घारगे किती, खिरीच्या वाट्या किती, वाढणाऱ्या बाईच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा, पण गुरुजींचा हात काही पानावर आडवा यायचा नाही. लोक म्हणत, आमचे आजोबा आज सात पिढ्यांचं जेवले. महाराष्ट्रातनं यात्रा आली की लोक नाव काढून विचारायचे, ते धिप्पाड गुरुजी मिळतील का?

आणि मग १९९३च्या पितृपक्षात, नवमीला, जेवून घरी येताना ते घाटाच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. ओठ निळे, छाती लोहाराच्या भात्यासारखी. चार जणांना उचलेनात, शेवटी त्याच वखारीतले मजूर बोलवावे लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी कानातनं काढली आणि म्हणाले, "पंडितजी, दिल एक आदमी का है और ढो रहा है दो को. एक को विदा कीजिए, नहीं तो दोनों जाएँगे."

विदा केलं. हे एका ओळीत लिहून झालं, पण त्याला दोन वर्षं लागली आणि त्यांतले सहा महिने घरात नुसती युद्धं होती. त्यांच्या बायकोनं, शरदिनीवहिनींनी, तुपाची बरणी जावेकडे नेऊन ठेवली. त्या स्वतः श्राद्धाचा स्वयंपाक करायला घरोघर जायच्या. दुसऱ्यांच्या घरी वडे तळून यायच्या आणि घरी येऊन नवऱ्याला दुधी उकडून घालायच्या. "अहो, मी काय वैरीण आहे का तुमची?" असं म्हणत रडायच्याही. पण हटल्या नाहीत. पहाटे त्यांना उठवून घाटावर ढकलायच्या. पहिल्या महिन्यात गुरुजी शिंदे घाटापर्यंत जायचे आणि तिथं बुरुजाला टेकून धापा टाकायचे. मग मणिकर्णिका झाली, मग दशाश्वमेध, आणि दुसऱ्या वर्षाच्या थंडीत तर अस्सीपर्यंत जाऊन परत. वाटेतल्या सगळ्या पायऱ्या चढउतर. वजन दोन मणांना पाच किलो कमी, म्हणजे पंचाहत्तर किलोंवर उतरलं.

आणि जीभ? जिभेला काय, तिचं थोडंच कुणी ऑपरेशन करतं. वहिनींनी तिचीही सोय लावली. भाजलेले मखाने, काळं मीठ लावलेला पेरू, शिंगाडे आले की उकडलेले शिंगाडे, जिरं घालून पातळ मठ्ठा. थंडीत आठवड्यातनं एकदा, गुरुवारी, गोपीनाथ सरदार दूधवाल्याकडची मातीची लहान कुल्हड भरून मलइयो. मलइयो म्हणजे थंडीच्या रात्री दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस. तोंडात घालावा तोवर नाहीसा होतो. डॉक्टर म्हणाले होते, "छोटी कुल्हड़ चलेगी. उसमें है ही क्या, हवा है." गुरुजी ती हवा अर्धा तास पुरवून खायचे. तीस वर्षं जेवले, पण चव कशाला म्हणतात ते मला आता कळतंय, असं ते मुलीला सांगायचे. मुलगी अवनी शाळेतली, ती म्हणायची, "बाबा, आप भी ना! चमचा चाटताय किती."

ओळखत मात्र कुणी नव्हतं. गल्लीतली जुनी माणसंही क्षणभर थबकायची. कुणी विचारलं, अरे, ते जाडे टोकेकरगुरुजी कुठं, की हे पोटावर हात मारून म्हणायचे, "तो ढुंढिराज गेला!" आणि मग दोघं खो-खो हसायचे. हा विनोद त्यांना इतका आवडायचा की रोज कुणीतरी नवीन भेटावं असं वाटायचं. वहिनींना तो अजिबात आवडत नसे. "वास्तू तथास्तु म्हणत असते," असं त्या बजावायच्या. ऐकतोय कोण!

१९९७ सालच्या पौषात कऱ्हाडची यात्रा आली. सकाळी शिंदे घाटावर धुकं असं की नदी नुसती ऐकू येत होती. ढुंढिराज अस्सीहून परत येत होते, अंगात ऊब, पाय हलके. पायरीवर काठी टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी मराठीत विचारलं, "अहो, इथं एक गुरुजी होते. भरभक्कम. ढुंढिराजगुरुजी म्हणत. कुठं भेटतील?"

ढुंढिराजांनी त्यांना तेव्हाच ओळखलं. वासुदेवराव. नऊ वर्षांपूर्वी आईच्या अस्थी घेऊन आले होते. आई शेवटचा महिनाभर अन्नावाचून गेली, घशाखाली घोट उतरत नव्हता, आणि हा साठीचा मुलगा लहान पोरासारखा रडत होता की माझी आई उपाशी मेली. ढुंढिराज त्या दिवशी पानावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले होते. उठताना त्यांनी वासुदेवरावांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तुमची आई पोटभर जेवली हो. आता रडू नका."

एवढं सगळं आठवूनही, सवयीनं, तोंडातनं काय निघालं? "ढुंढिराज ना? ते गेले."

"गेले? कधी?"

"झाली की दीड-दोन वर्षं," असं म्हणून ढुंढिराज पोटाला हात लावणार, आता हसायचं, तेवढ्यात वासुदेवरावांनी टोपी काढली. काठी काखेत धरून नदीकडे हात जोडले. त्यांची हनुवटी थरथरत होती. "माझ्या आईला जेवू घातलं हो त्यांनी," एवढंच म्हणाले. खालून यात्रेच्या म्होरक्यानं हाक मारली, नाव सुटत होती. "अहो, ऐका तरी," असं ढुंढिराज म्हणेपर्यंत म्हातारबुवा नावेत बसलेसुद्धा आणि धुक्यानं नाव गिळली.

घरी येऊन त्यांनी हे गंमत म्हणून सांगितलं. शरदिनीवहिनी पेरू चिरत होत्या, त्यांचा विळीवरचा हात थांबला. "जिभेला हाड नसतं म्हणून काय वाटेल ते बोलायचं? जा, शोधा त्यांना आणि सांगा."

"सांगतो गं. यात्रा तीन दिवस आहे. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला यज्ञेश दारात. हा वाईचा, वेदाध्ययनाला काशीत येऊन सहा महिने झालेले, यात्रेकरूंची श्राद्धं सांगायचा. "टोकेकरगुरुजी, पितरांच्या जागचे ब्राह्मण तापानं पडलेत. यजमान छातीत दुखत असताना कऱ्हाडाहून आलेत, ओल्या पंच्यानं उभे आहेत. तुम्ही येता का? जेवढं जाईल तेवढंच जेवा." वडीलधाऱ्या माणसाला नावानं कोण ओळखतो? यज्ञेशला ते टोकेकरगुरुजी एवढंच ठाऊक. ढुंढिराजांना ताप आलेल्याच्या जागी नाही म्हणवेना.

धर्मशाळेत जाऊन पाहतात तो यजमान वासुदेवराव. घाटावरचे सज्जन ते हेच, असं ओळखून त्यांनी ढुंढिराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. तेव्हा सांगायला हवं होतं. संकल्प सुरू झाला होता, कर्त्याशी गप्पा मारायची ती वेळ नव्हे, हे सगळं खरंच. पण त्याहून खरं म्हणजे त्यांना लाज वाटली. ते मुकाट्यानं पितरांच्या जागी उत्तरेला तोंड करून बसले.

जेवण झालं. शेवटचं पाणी प्यायचं राहिलं होतं. ही शास्त्रातली मोठी नाजूक वेळ असते: ब्राह्मण जेवलेले आहेत, पण तोंडावर पाणी फिरवलेलं नाही, पान तसंच उष्टं समोर आहे, आणि त्याच्या शेजारीच दर्भावर पिंड ठेवायचे. तोवर ब्राह्मणानं विचारल्याशिवाय चकार शब्द काढायचा नाही. काढला की सगळं फुकट. वासुदेवराव एकेक पिंड ठेवत होते. वडील, आजोबा, पणजोबा, आई, मग मामा, सासरे, गेलेला भाऊ. यज्ञेशनं विचारलं, "आणखी कुणी? गुरू, मित्र, आप्त?"

"आहेत. ढुंढिराजगुरुजी. इथलेच होते."

"गोत्र?"

"ते नाही बुवा ठाऊक."

"हरकत नाही. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं." आणि यज्ञेशनं खणखणीत आवाजात म्हटलं, "काश्यपगोत्राय ढुंढिराजशर्मणे, अयं पिंडः, स्वधा नमः."

ढुंढिराज टोकेकरांचं गोत्र काश्यपच होतं.

बोलाफुलाला गाठ म्हणतात ती ही. म्हाताऱ्याच्या हातातनं भाताचा तो गोळा त्यांच्या पानापासून वीतभर अंतरावर ठेवला गेला. त्यावर तीळ पडले, पाणी पडलं. ढुंढिराज पाहत होते. ओरडावं असं वाटत होतं, अहो, मी इथं बसलोय! पण तोंड उष्टं होतं आणि समोर एका माणसाच्या तीन पिढ्या मांडलेल्या होत्या. कऱ्हाडाहून छातीत दुखत असताना आलेला माणूस; परत काही यायचा नव्हता. त्यांनी दात आवळले. शेवटचं पाणी झालं, तेव्हा बोलता आलं असतं. पण वासुदेवराव डोळे पुसत समाधानानं हसत होते. "आता कुणाचं काही राहिलं नाही," असं म्हणाले. यावर काय बोलणार कपाळ! ढुंढिराज उठले आणि घरी आले.

त्या दिवसापासून तो मागं लागला.

पहाटे घाटावर चालताना मागनं चपला ऐकू यायच्या. फताक, फताक. जड माणसाच्या, टाचा घासत येणाऱ्या. ढुंढिराज थांबले की त्याही थांबायच्या, आणि मग धाप ऐकू यायची, शिट्टी मिसळलेली. ही धाप त्यांना चांगली ओळखीची होती. वीस वर्षं ती त्यांच्याच नाकातनं निघाली होती. वळून पाहिलं तर धुकं, एखादं कुत्रं, स्नानाला निघालेली बाई. मणिकर्णिकेपाशी चितांचा उजेड यायचा, तेव्हा पायऱ्यांवर त्यांची सावली पडायची, आणि ती या अंगाची नव्हती, त्या अंगाची होती. रुंद, मान नसलेली. तुम्ही म्हणाल जाळ हलला की सावली पसरतेच. तेही स्वतःला हेच सांगायचे. सांगून काय होतंय?

शास्त्र त्यांना काय कमी ठाऊक होतं? जिवंत माणसाला पिंड लागत नाही, मनुष्य चुकतो, देव हसून सोडून देतात, हे त्यांनी दुसऱ्या कुणाला दोन मिनिटांत पटवलं असतं. पण रात्रंदिवस डोक्यात एकच: दहा दिवसांच्या दहा पिंडांनी प्रेताला एकेक अवयव फुटतो, आणि पहिल्या पिंडानं होतं ते डोकं. म्हणजे त्या गेलेल्या ढुंढिराजाला एकच पिंड मिळाला. म्हणजे त्याला डोकं आहे. डोक्याला तोंड आहे. खाली पोट नाही, हातपाय नाहीत, नुसतं तोंड. आता ते दहाव्याचं शास्त्र, हे तीर्थश्राद्ध. या दोहोंचा काडीचा संबंध नाही, आणि पाय नाहीत तर चपला कुणाच्या? पण भ्यालेल्या माणसाला शास्त्र कुठलं?

गुरुवार आला. गोपीनाथ सरदारनं कुल्हड पुढं केली. "का गुरू, लिया जाय." ढुंढिराजांनी चमचा तोंडाशी नेला आणि त्यांना स्पष्ट वाटलं की खांद्यावरनं दुसरं कुणीतरी तोंड उघडलंय. फेस जिभेवर पडला आणि नाहीसा झाला. नेहमी नाहीसा होतोच तो, पण आज तो यांच्या तोंडात नाही, त्याच्या तोंडात गेला. चवच आली नाही. कुल्हड तशीच भिंतीशी ठेवून ते निघून आले.

मग पेरू सुटला. मखाने सुटले. मठ्ठ्याचा पेला नुसता हातात धरून बसायचे. त्याला एक घास दिला तर तो दुसरा मागणार, हे ते ओळखून होते. त्याच्याइतकं खादाड तोंड काशीत दुसरं नव्हतं. मळलेल्या कणकेचा वास आला तरी ते घराबाहेर पडायचे. आणि चालायचे. एकदा अस्सीला जाऊन आले की पुन्हा संध्याकाळी जायचे, कारण थांबलं की ती धाप जवळ यायची. माघ संपेपर्यंत गाल बसले, बरगड्या मोजता याव्यात अशा झाल्या. वखारीच्या तराजूत एकसष्ट किलो भरले. वखारवाला या वेळी हसला नाही. "गुरू, तबीयत ठीक है न?" असं त्यानं हळूच विचारलं.

शरदिनीवहिनींनी आधी रागावून पाहिलं, मग शपथा घातल्या, मग एका दुपारी ताटच समोर आपटलं. भाकरी, मेथीची भाजी, मठ्ठा. "सव्वातीन मणांचे होतात तेव्हा मी म्हटलं, हा माणूस खाऊन मरणार. आता म्हणायचं का, उपाशी मरणार? मधे जगायचं काही आहे की नाही तुमच्यात?"

"अगं, मी खाल्लं तर ते मला नाही पोचत."

"मग कुणाला पोचतं?"

त्यांनी सगळं सांगितलं. पिंड, गोत्र, चपला, तोंड. बाहेर अवनी पाढे म्हणत होती, ती गप्प झाली. भीती वहिनींनाही वाटली, ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. पण ही बाई भीतीला बसायला पाट देणारी नव्हे. उठल्या, फळीवरचं अंतर्देशीय पत्र काढलं, दौत नव्हती म्हणून अवनीचं पेन घेतलं. "लिहा. कऱ्हाडला पत्र लिहा. यज्ञेशकडं पत्ता आहे. मेलेला माणूस पत्र लिहीत नाही, एवढं तरी त्यांना कळू दे आणि तुम्हालाही."

ढुंढिराजांनी लिहिलं. मीच तो. चेष्टेत बोललो. आपला पिंड माझ्या डोळ्यांसमोर पडला, मी बोलू शकलो नाही. क्षमा असावी. खाली सही केली, ढुंढिराज टोकेकर, आणि पहिल्यांदाच त्या रात्री झोप लागली.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. अक्षर वासुदेवरावांचं नव्हतं. त्यांच्या मुलानं, शिवरामनं लिहिलं होतं. "आपलं पत्र बाबांच्या तेराव्याला पोचलं. काशीहून आल्यावर ते पंधरा दिवसांत गेले. शांतपणे गेले. शेवटी आम्ही सगळे रडत होतो तर आम्हालाच समजावत होते, की माझी काळजी करू नका, तिकडं ढुंढिराजगुरुजी आहेत. त्यांनी माझं पान मांडून ठेवलं असेल. आम्ही चैत्रात अस्थी घेऊन येत आहोत. श्राद्धाला आपणच बसावं ही विनंती."

ढुंढिराजांनी पत्र घडी घालून जानव्याला अडकवलं की काय कोण जाणे, पण ते दिवसभर त्यांच्या अंगावर होतं. आता चपलांचा आवाज त्यांना काहीच वाटेना. त्याहून वाईट एक गोष्ट दिसू लागली. एक म्हातारा, टोपी हातात, काठी टेकत, कुठल्याशा अनोळखी घाटावर धुक्यात एकेकाला विचारतोय, अहो, इथं एक धिप्पाड गुरुजी आहेत ना? आणि ते लोक सांगतायत, नाही बुवा, ते आलेच नाहीत. म्हातारा पुढं जातोय, पुन्हा विचारतोय. कुणी त्याला पान मांडलेलं नाही. आपल्या एका थट्टेपायी. ढुंढिराज भिंतीकडे तोंड करून रडले. आपण आता गेलेलंच बरं, निदान त्याला भेटू तरी, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते त्यांनी बायकोला बोलून दाखवलं नाही, पण तिला कळलं. त्या दिवसापासून ती त्यांना घाटावर एकटं सोडेना.

शिवराम चैत्रात आला. बापासारखीच हनुवटी. त्यानं गुरुजींकडे पाहिलं, अठ्ठावन्न किलोंची ती काडी, डोळे खोल गेलेले, आणि वाकून नमस्कार केला. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा राग नाही आम्हाला. पण रात्री मला झोप येत नाही. बाबा तिकडं कुणाला शोधत असतील?"

"मलाही तेच दिसतं," ढुंढिराज म्हणाले.

अस्थी गंगेत सोडल्या. स्वयंपाक शरदिनीवहिनींनीच केला, त्याच धर्मशाळेत. देवांच्या जागी त्या दिवशी दुसरा ब्राह्मण मिळाला नाही, म्हणून यज्ञेशनं दर्भाचा बटू करून पाटावर ठेवला. पितरांच्या जागी ढुंढिराज एकटे. त्यांना आधार देऊन बसवावं लागलं. पान वाढलं गेलं. खीर, वडा, घारगा, भाजी, पोळी. शिवरामनं पानाखालून हात घालून, आपल्या बापाचं नाव घेऊन, ते अन्न त्याला अर्पण केलं.

ढुंढिराजांनी पहिला घास उचलला. ते आलंच. मानेमागं धाप, उघडलेलं तोंड, वाट पाहत असलेलं. दोन महिने या क्षणाला ते हात मागं घेत आले होते. आज हात मागं कसा घेणार? घास त्यांचा नव्हताच. तो वासुदेवरावांचा होता, आणि वासुदेवरावांना इथं या देहाशिवाय दुसरं तोंड नव्हतं. त्यांनी घास तोंडात घातला. चावला. गिळताना घसा दुखला. दुसरा घेतला. घाम आला, डोळ्यांसमोर काजवे आले, पण तिसरा घेतला. हळूहळू, पाहणाऱ्याचा जीव जाईल इतक्या हळू, एक पोळी संपली. थोडी खीर गेली. अर्धा वडा गेला. धाप मागंच होती, पण काही हिसकावत नव्हती. ती यांच्याच श्वासाबरोबर चालत होती, एकदा आत, एकदा बाहेर.

आता कर्त्यानं विचारायचं असतं, "तृप्ताः स्थ?" तृप्त झालात का? आणि ब्राह्मणानं म्हणायचं, "तृप्ताः स्मः." तृप्त झालो. श्राद्ध त्याशिवाय पुढं सरकतच नाही. तीस वर्षांत ढुंढिराजांनी हे हजारो वेळा म्हटलं असेल, ढेकर देता-देता, पुढच्या घरच्या वड्यांचा विचार करत. तृप्त ते एकदाही नव्हते. शिवरामनं हात जोडून विचारलं आणि यज्ञेश उत्तराची वाट पाहू लागला.

ढुंढिराज गप्प.

शिवरामनं पुन्हा विचारलं. त्याचा आवाज चिरकला.

"नाही," ढुंढिराज म्हणाले.

यज्ञेशच्या हातातला दर्भ गळला. हे कुठल्याच पोथीत नव्हतं. आजवर कुठल्या पितरानं नाही म्हटलं होतं?

"भूक लागलीय," ढुंढिराज म्हणाले. "अर्धी पोळी वाढा. अर्धीच."

आत चुलीपाशी शरदिनीवहिनींनी ते ऐकलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि तव्यावरची पोळी उलटली. अर्धी मोडून पाठवली, गरम. ढुंढिराजांनी ती नुसती खाल्ली, भाजीशिवाय, खिरीशिवाय. गव्हाची चव लागली. भाजलेल्या डागाची चव लागली. ही कुणाची भूक, आपली की मागच्याची की त्या म्हाताऱ्याची, हे त्यांना वेगळं काढता येईना, आणि त्यांनी काढायचं सोडून दिलं.

पान पुसून झालं. शिवरामनं तिसऱ्यांदा हात जोडले. "तृप्ताः स्थ?"

"तृप्ताः स्मः," ढुंढिराज म्हणाले, आणि म्हणता-म्हणता थांबले. शब्द अनेकवचनी होता. मी तृप्त झालो नव्हे, आम्ही तृप्त झालो. पानावर ते एकटेच बसले होते आणि तीस वर्षांत हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.